बुधवारच्या सहीआधी

हूफडॉर्प,
बुधवार, ९ डिसेंबर २०२०

प्रिय दादा,

स. न. वि. वि. वसुधावहिनीलाही नमस्कार सांग. आम्ही तिघं इकडे ठीक आहोत. सारंगचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, माझं ओट्याशी आणि मल्हारची शाळा माळ्यावरच्या खोलीत. दिवसभर एकमेकांना "म्यूट आहेस का?" एवढंच विचारतो.

फोन सोडून ही बाई मेलवर पानं का भरते, असं म्हणशील. कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. "अगं, ऐक" म्हणून सुरू होतोस आणि तुझं संपतं तेव्हा मी "बरं" म्हणून मोकळी झालेली असते.

तर आता तू ऐक. पुढच्या बुधवारी तुमच्या युनिव्हर्सिटीच्या करारावर सही करायची नाही, असं मल्हार म्हणतोय.

लगेच फोन उचलू नकोस, आधी वाच. तू त्याच्यासाठी काय केलंस हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी इथे आला होतास, मैदानावर त्याला तो अमेरिकन फुटबॉलचा लांबुळका चेंडू लाथाडताना पाहिलंस, स्वतः व्हिडिओ काढलेस आणि तुमच्या युनिव्हर्सिटीच्या कोचपुढे नेऊन ठेवलेस. टीमचा डॉक्टर स्वतः भाच्याची शिफारस करतोय म्हटल्यावर त्यांनीही ते पाहिले. एवढ्या मोठ्या टीममध्ये नुसता चेंडू मारायला एक वेगळा माणूस ठेवतात आणि त्याचं शिक्षण फुकट करतात, हे आईला अजून पटत नाही. तरी ऑगस्टमध्ये मल्हारने कोचला तोंडी होकार दिला, तेव्हा तिने पुण्यात सोसायटीभर पेढे वाटले, प्रत्येक दारात आधी सॅनिटायझर आणि मग पेढा. तू म्हणालास, "झालं, सुपारी फुटली!" कोचच्या लेखी तो नुसता होकार होता, आपल्याकडे साखरपुडा होऊन गेला. म्हणून आता "नाही" म्हणायला माझी जीभ रेटत नाहीये.

कारणं म्हणशील तर विमानांचा भरवसा नाही, व्हिसाच्या मुलाखती बंद आहेत, त्याची शेवटची परीक्षा मे महिन्यात आहे आणि ती तरी धड होईल का, कोण जाणे. शिवाय तुमच्या टीममधले नऊ जण दुसऱ्या कॉलेजांत निघालेत म्हणे. मल्हारबरोबर होकार दिलेल्या चौघांनीही शब्द मागे घेतला. एवढी मुलं एकदम का चालली आहेत, दादा? तू रोज तिथे असतोस, तुला ठाऊक असेल. मी आपलं सहज विचारते.

कोचना तूच तुझ्या पद्धतीने सांगशील का? "घरगुती अडचण" एवढं पुरे. तुझाही मान राहील आणि पोराचंही निभावेल.

बाकी सगळं छान. मध्यंतरी मल्हारला जरा सर्दी झाली होती, आता बरा आहे.

तुझी,
मेधा


हूफडॉर्प,
रविवार, १३ डिसेंबर २०२०

दादा,

तुझ्या फोननंतर घरात कोणी धड जेवलेलं नाही. "माझं नाक कापलंत," म्हणालास. "युरोपात सायकली फिरवून पोरगं मऊ झालं," म्हणालास. ती नऊ मुलं म्हणे खेळायला संधी मिळत नाही म्हणून पळणारी, कच्च्या दिलाची. आणि मी काय म्हटलं? "बरं."

मल्हार जिन्यात बसून सगळं ऐकत होता. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "व्हाय डिडन्ट यू टेल हिम, आई?" इथली मुलं तोंडावर बोलतात. शाळेत त्यांना तेच शिकवतात आणि घरी आल्यावर ते आपल्याला जड जातं. मला राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

आता सांगते. ती सर्दी नव्हती. नोव्हेंबरमध्ये मल्हारला कोविड झाला. टीमच्या डॉक्टरला कळलं तर बुधवारची सही अडकेल, म्हणून तुझ्यापासून लपवायचं मीच ठरवलं. आमच्या इथल्या हाउसआर्ट्सना, म्हणजे फॅमिली डॉक्टरीणबाईंना, तू नेहमी हसतोस की पॅरासिटामॉलपलीकडे यांची मजल जात नाही. त्यांनी या वेळीही पॅरासिटामॉलच दिलं. पण मल्हारने "सराव कधी सुरू करू?" विचारलं, तेव्हा त्या अशा काही कडक झाल्या की मीच दचकले. दम लागतोय तोवर मैदानाकडे फिरकायचं नाही, आणि छातीत काही वाटलं तर आधी हृदयाची तपासणी, मग खेळ. तो अजून कालव्यावरचा पूल आला की सायकलवरून उतरतो आणि चालत जातो. हातात धरून, हळूहळू. मी खिडकीतून बघते आणि त्याला कळू देत नाही.

हे सगळं त्याने ब्रेंडनला सांगितलं. तुमचा ब्रेंडन, ज्याची जागा मल्हार घेणार होता. वर्षभर तो पोरगा याला व्हिडिओवर पाऊल कसं टाकायचं ते शिकवत होता. दम लागतो असं मल्हारने म्हटल्यावर ब्रेंडनने स्वतःचं सांगितलं.

ते मी तुला सांगायचं म्हणजे काय, दादा! तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये त्याला कोविड झाला, बरा झाल्यावरही छातीत दाबल्यासारखं व्हायचं, म्हणून तो तुझ्याकडे आला. तू त्याच्या हृदयाचा एमआरआय करायला सांगितलास. तारीख मिळाली ती शनिवारच्या सामन्यानंतरची. शुक्रवारी कोच तुझ्या खोलीत आले, दार लागलं. बाहेर आल्यावर तू ब्रेंडनच्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास, "यू आर गुड, सन." शनिवारी तो खेळला. सोमवारी सरावात सगळ्यांदेखत कोसळला.

वाचला, देवाची कृपा. पण त्याचा खेळ संपला. तो तुझ्यावर चिडलेला नाही, हे मल्हारने मला दोनदा सांगितलं. "डॉक वॉज ऑल्वेज नाइस टु मी," असं म्हणाला म्हणे. ती नऊ मुलं संधीसाठी नाही पळाली. त्यांनी त्याला पडताना पाहिलं. ज्या चौघांनी शब्द मागे घेतला, त्यांच्या आयांनीही कोणाकडून तरी हेच ऐकलं असणार.

मी डॉक्टर नाही. माझ्यापर्यंत अर्धंच आलं असेल, तर उरलेलं तू सांग. तू मला चुकीची ठरव, मला तेच हवंय. मी आनंदाने माफी मागेन.

मला दहावीच्या तोंडावर टायफॉइड झाला होता, आठवतं? ताप उतरला होता. बाबा म्हणत होते, रिक्षाने नेऊ, पेपर तेवढे देऊ दे. तू तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतास. दारात आडवा उभा राहिलास आणि म्हणालास, "वर्ष गेलं तर माझ्यावर ओरडा, पण ती उठणार नाही." बाबा कितीतरी दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. माझं वर्ष गेलं आणि मी धडधाकट राहिले. त्या शुक्रवारी तू कोचपुढे तसा का उभा राहिला नाहीस, ते मला समजत नाही. नोकरीची भीती होती का? मग तसं सांग, मला तेही चालेल. माझ्यापुढे तू असा कधी आलाच नाहीस, म्हणून मला घाबरायला झालंय.

मंगळवारी संध्याकाळी मल्हार कोचना फोन करणार आहे. "घरगुती अडचण" म्हणणार नाही. कारण विचारलं तर ब्रेंडनचं नाव घेईन, मामाचंही घेईन, म्हणतो. मी त्याच्याशी भांडले. मामाची नोकरी जाईल, लायसन्सवर येईल, वहिनीचं काय, आजीला काय सांगायचं, सगळं बोलून झालं. सारंगने मला हाताला धरून बसवलं. मल्हार एवढंच म्हणाला की मामाला आधी कळायला हवं, म्हणून मी मंगळवारपर्यंत थांबतो. तुझ्यावर त्याचा फार जीव आहे, दादा.

आणि मग त्याने मला विचारलं, "इफ इट वॉज मी, वुड मामा क्लिअर मी?"

मी एका दमात म्हटलं, छे, तुला मामाने मुळीच खेळू दिलं नसतं. तुला घरी बसवलं असतं, कोचला खोलीबाहेर काढलं असतं. त्याचा धीर वाढावा म्हणून म्हटलं आणि मला ते शंभर टक्के खरं वाटत होतं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सो ब्रेंडन जस्ट हॅड नो मामा देअर."

मंगळवारच्या आत तू त्याला फोन कर. मला नको, त्याला कर.

तुझ्या फोनची वाट बघत, आणि त्याचीच धास्ती घेऊन,
मेधा