चार वाजताचं अकोला

५ फेब्रुवारी १९६२

टेलिफोनचा नवा बोर्ड आला! दोनशे लाइनींचा. खोक्यातून काढायला चार माणसं लागली. जुना पन्नासाचा, तो केव्हाच भरलाय. किसनराव सुपरवायझर म्हणाले, जुन्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्यावर आलं पाहिजे, गिऱ्हाइकाला कळतासुद्धा कामा नये.

तारा वायरमन हलवेल. माझ्या डोक्यातलं कोण हलवणार? इथं नंबर सांगतो कोण? 'डॉक्टरले लाव' म्हणतात. डॉक्टर मंगळवारी बडनेऱ्याला असतो, हे फक्त मला ठाऊक.

७ फेब्रुवारी

नव्या मुलींसाठी वही लिहायला घेतली. कापसाच्या जिनवाल्या मोतीरामजींना कमी ऐकू येतं — घंटी लांब द्यायची. गयासुद्दीनभाई शुक्रवारी दुपारी दुकानात नसतात. नऊ वर्षांचं काय काय आठवतंय!

९ फेब्रुवारी

नव्या बोर्डावर ट्रंक लाइन, म्हणजे परगावची, नव्या सुभद्राकडे. मला लोकल, गावातली. म्हणजे अकोला गेलं!

चारला ट्रंक मोकळी असते. अकोल्याच्या बोर्डावरची बाई विचारते, "काय जेवली?" मी सांगते, मग ती सांगते. दोन मिनिटं. लाइनवर नाव सांगायचं नाही असा नियम — ती मला अमरावती म्हणते, मी तिला अकोला. खरखर इतकी की ओरडावं लागतं. दिवसभर अख्ख्या गावाशी बोलते मी, पण मला विचारणारी ती एकटीच. घरी चूल आणि मी.

१२ फेब्रुवारी

लाज सोडून ट्रंक मागितली. किसनराव म्हणाले, "मैनाबाई, गावातले लोक तुमालेच ओयखतात. लोकल दुसरं कोन सांभायन?" एवढं कौतुक ऐकून परत वही घेऊन बसले. कारण विचारलं असतं तर सांगताही आलं नसतं.

१७ फेब्रुवारी

वही पुरी. शेवटच्या पानावर तेही लिहिलं — चार वाजता अकोला विचारेल, काय जेवली. तोडून बोलू नये. खरं सांगावं, तिलाही विचारावं.

न लिहून चाललं असतं. पण काम अर्धवट ठेवायची सवय नाही ना! मूर्ख बाई.

१९ फेब्रुवारी

दुपारी दोनला जुना बोर्ड बंद. नव्यावर एकेक लाइन वाजवून पाहिली. पन्नासच्या पन्नास चालू! गावात कोणाला पत्ता नाही. किसनरावांनी पेढे वाटले.

चारला शेजारच्या खुर्चीवरून सुभद्रा ओरडली, "वांगे अन् भाकर!" मग हसली. म्हणजे पलीकडे अकोलाही हसली असणार. एका शब्दानं विचारलं नाही, ती पहिली कुठे गेली म्हणून. तिलाही कळलं नाही! फार लागलं. मोरीत जाऊन रडले.

२० फेब्रुवारी

डबा तसाच परत आणला.

२३ फेब्रुवारी

आज सुभद्रानं अकोल्याला विचारलं, किती वर्षं झाली तुला बोर्डावर. सुभद्रानं मला सांगितलं — ती म्हणाली, दिवाळीपासूनच आहे. पहिलीची बदली झाली. जाताना ती कागदावर लिहून ठेवून गेली — "चार वाजता अमरावतीले विचारजो, काय जेवली. एकटी रायते ते."

मी त्या पहिलीला हे कधीच सांगितलं नव्हतं.