रत्नम्माशेजारची जागा

मी, पिराजी नरसिंग सोनकांबळे, वय सुमारे सत्तर, धर्म बौद्ध, धंदा शेती, राहणार चिंताकी, तालुका औराद, जिल्हा बीदर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, दमा सोडला तर प्रकृती बरी आहे आणि कोणी हात धरून हे लिहवून घेतलेले नाही. घर-शेताची वाटणी लेकरांनी न भांडता केली असती. भांडण होणार ते माझ्या देहावरून, म्हणून हे लेखन.

कलम १. राहते घर मुलगा श्रीमंत याला. तो कोळारच्या कारखान्यात असतो, घराला कुलूपच राहील. तरी वरचे पत्रे बदलावेत.

कलम २. शेत श्रीमंत व मुलगी भागाबाई यांना निम्मे-निम्मे. पूर्वेच्या बांधाला माझी पत्नी रत्नम्मा हिची कबर आहे. ती कबर आणि तिच्या शेजारची एका माणसापुरती जागा वाटणीत धरू नये, विकू नये, नांगरू नये. तिथे मला पुरावे. जाळू नये.

कलम ३. रत्नम्मा बीदरची, बापाच्या वेळेपासून ख्रिस्ती. छप्पन सालानंतर मी बौद्ध झालो, ती आपल्या जागी राहिली. मेलेला माणूस उठतो हे मला तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. पण तिचा विश्वास आंधळा नव्हता, हे शपथेवर लिहितो. येशू उठला एवढे सांगून ती थांबत नसे. आधी जुन्या करारातले इब्री संदेष्टे उघडी. होशेयाने तिसऱ्या दिवशी उठवले जाण्याची आशा सांगितली, यशयाने सांगितले की मार खाऊन मेलेला सेवक पुन्हा आपली संतती पाहील. हे सगळे येशूच्या शेकडो वर्षे आधीचे, असे बजावून मग ती नवा करार वाची. "कबूल केल्यालं पुरं झालं. एकाचं झालं, आता समद्यांचं हुणार," असे म्हणे.

एकदा तिने यहेज्केल संदेष्टा वाचला. खोरेभर वाळलेली हाडे, आणि देव विचारतो, ही जगतील का? तरुणपणी मी माळावरची गुरांची हाडे वेचून कमलनगरच्या स्टेशनावर पोत्यांनी विकली आहेत. म्हटले, "हाडाचं मला सांगू नको. चुरा हुतोय अन् खत हुतंय."

"मग खतातनं काय उगवतंय, बघा की," ती म्हणाली.

मी हसलो, पटले नाही. पण देशोधडीला लागलेल्या, परक्यांच्या ताब्यातल्या त्या इब्री माणसांना कोणी "तुम्ही उठाल" असे सांगितले, आणि त्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जपले, याचे मला फार मोल वाटते. आमच्या लोकांना तसे सांगणारा भेटेपर्यंत किती पिढ्या मातीत गेल्या.

कलम ४. रत्नम्माचे पवित्र शास्त्र भागाबाईला. श्रीमंताला वाचायचे असेल तर त्याने तिच्या घरी जावे. बहिणीकडे तेवढेच जाणे होईल.

कलम ५. धाकटा भाऊ तात्याराव याला पहार व टिकाव. टिकाव तीन वर्षे त्याच्याकडेच आहे. हे वाचून दाखवल्यावर तो तापला. "तू बौद्ध माणूस, मातीत कामून जायलास?" शेजारच्या शेताचे शिवय्या लिंगायत. ते म्हणाले, "आमच्यात बसवून पुरतेत. उठायचं झालं तर आमालाच सोपं." तात्याराव हसला नाही. त्याने त्रिशरण, पंचशील मोठ्याने म्हणावे. मी बाप्तिस्मा घेतलेला नाही, मढ्यालाही कोणी देऊ नये. खड्डा मात्र तात्यारावानेच खणावा.

कलम ६. चर्चच्या दफनभूमीत पाळकसाहेब तिला जागा देत होते, मला बाप्तिस्म्याशिवाय देत नव्हते. त्यांचा नियम, माझा राग नाही. थोडा आहे. म्हणून तिनेच शेतातली जागा मागितली. शेवटच्या दुखण्यात मला म्हणाली, "तुमाला जाळल्यावर, मी उठून कुठं हुडकू?" शास्त्रावरून मी तिच्याशी जन्मभर वाद घातला, यावर मात्र बांधावर जाऊन दोन माणसांची जागा मोजून आलो. कोणी उठत नाही, हे माझे मत कायम आहे. पण चूक माझी असेल, तर उठल्यावर तिने नुसती मान वळवावी आणि मी तिथे असावा.

लिहून ठेवणार : पिराजी नरसिंग सोनकांबळे (सही)

आमच्यासमोर सही झाली :
१. शिवय्या मडिवाळप्पा स्वामी (सही)
२. तात्याराव नरसिंग सोनकांबळे (सही)

मुक्काम चिंताकी, १२ जानेवारी १९८८