मामाचा बिल्ला माझ्या खिशात

४ मार्च
अणुभट्टी बंद करणार. सरकारनं फेरविचार केलाय म्हणे. मोठे साहेब आज हॉलमध्ये बोलले — आता वारा आणि ऊन, हेच भविष्य. टाळ्या वाजवल्या कायम नोकरीवाल्यांनी. त्यांना पवनचक्कीचं काम शिकवणार. आम्ही ठेक्यावरचे मागं भिंतीला टेकून उभे. भट्टीत शिरायचं असतं तेव्हा बरे आम्ही पुढं लागतो!
मामा म्हणाला, "वारा येऊ दे नाहीतर ऊन, लोखंड जोडायला वेल्डर लागतोच." त्याला सगळीकडं कामच दिसतं.

५ मार्च
जिना चढताना मामा दोनदा बसला. डॉक्टर म्हणतात रक्त बिघडलंय.

७ मार्च
नोटीस लागली. ज्यांच्या अंगात ठरलेल्यापेक्षा जास्त किरणं गेली, त्यांना जन्मभर तपासणी आणि औषधं फुकट. ठेक्यावरच्यांनाही. मामाला ओढत ऑफिसच्या खिडकीवर नेलं. अकरा वर्षं आत वेल्डिंग केलेला माणूस. कारकुनानं कॉम्प्युटरवर बघितलं आणि हसला. "हे तर शून्याच्या जवळपास. याच्यापेक्षा आमच्या शिपायाला जास्त लागलीत."
मामाही हसला. माझ्या कानफटात बसल्यासारखं झालं.

८ मार्च
लिहूनच टाकतो. अंगात किती किरणं गेली ते छातीवरचा बिल्ला मोजतो. वर्षाचा आकडा भरला की काम बंद, घरी बसा. म्हणून मामा गेटवर बिल्ला दाखवायचा आणि बूट बदलायच्या खोलीत माझ्या हातात द्यायचा. मी बाहेरच्या बोळात पाइप रंगवायचो. चार वर्षं मामा आत आणि मामाचा बिल्ला माझ्या खिशात. माझ्याआधी दुसरा कोणीतरी सांभाळायचा.
मुकादमानंच शिकवलं हे. "आकडा भरला तर मी नवा वेल्डर कुठून आणू?" आज विचारलं तर म्हणतो, असं काही आठवत नाही. हरामखोर.

११ मार्च
कारकून म्हणतो, लेखी द्या. बिल्ला माझ्याकडं होता, खाली सही. मग मामाचं रक्त तपासून आकडा नव्यानं ठरवतील. पण सही केली की मी लबाड ठरलो. पवनचक्कीच्या यादीत ठेक्यावरचे सहाच जण घेतलेत, त्यात मी आहे. ते नाव कापणार.
मामाला सांगितलं तर भडकला. "तू गप चक्कीवर चढ. सातवी नापासाला कोण दुसऱ्यांदा बोलावतंय? माझ्या रक्ताचं मी बघतो."
"मग मर तू," म्हणालो. तोंडातून गेलं.
"मरतो की. पण भाचेबुवांचा मुहूर्त काढून नाही," म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

१४ मार्च
अर्धं पान लिहिलं. तीनदा खोडलं. उद्या देतो.

१५ मार्च
दिलं नाही. रांगेत बाराजण होते, तेवढं निमित्त मला पुरलं. साहेबांना, मुकादमाला, सरकारला शिव्या घालतो आणि स्वतःच्या खिशातून अर्धं पान निघत नाही.

१८ मार्च
पुन्हा फेरविचार! नुसत्या वाऱ्यावर भागणार नाही म्हणे. इथली भट्टी बंदच, पण उत्तरेकडची जुनी भट्टी दुरुस्त करून अजून वीस वर्षं चालवणार. यांचं बरंय, विचार खुर्चीत बसून बदलता येतो. दुरुस्तीला आत कोण शिरणार ते ठरलेलंच. मुकादम कालपासून वेल्डर गोळा करतोय.
आजही खिडकीवर गेलो नाही.

१९ मार्च
कामावरून आलो तर मामाची खाट रिकामी. पेटी नाही. कॅन्टीनवाला म्हणाला, दुपारच्या गाडीनं गेला, मुकादमाबरोबर, उत्तरेला. चाळीस वेल्डर आले होते. मामाला सगळ्यात आधी घेतलं. एवढ्या वर्षांचा हात आणि अंगावर किरणं शून्य — असा माणूस त्यांना दुसरा कुठं मिळणार?

२० मार्च
खिडकी आठला उघडते. माझ्यापुढं कोणी नाही. हे पान दिलं की त्याला तिकडच्या गेटवरूनच परत पाठवतील. जन्मात माझं तोंड बघणार नाही. नको बघू दे.