लिनबाईंचा भात

सिडको, औरंगाबाद
२८ नोव्हेंबर १९९३

ती. बानाअक्कास,
धाकट्या चंपीचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेल्या शेंगा मिळाल्या. खोलीतल्या मैत्रिणींनी मला मोजून चार ठेवल्या, तेव्हा पुढच्या खेपेला पिशवी मोठी शिव.

एम. ए.चा अभ्यास चालू आहे. खर्चाला हातभार म्हणून एक शिकवणी धरलीय. वाळूजच्या एका कारखान्यात तैवानहून यंत्रं आलीत, ती बसवायला लिनसाहेब आलेत. त्यांच्या बायकोला मी इंग्रजी शिकवते. त्यांची बोली चिनी. लिनबाई माझ्याच वयाच्या, आणि त्यांना तिसरा महिना सरतोय.

परवा 'राइस' हा शब्द निघाला. शेतात डोलतं ते राइस, पोत्यात भरतात ते राइस आणि ताटात वाढतात तेही राइसच, हे त्यांना काही पटेना. त्यांच्याकडं उभ्या पिकाला 'ताओ', कोरड्या तांदळाला 'मी' आणि शिजला की 'फान' म्हणतात. मी म्हटलं, आमच्यातही साळ, तांदूळ आणि भात आहेच की. तर माझा हात धरून इतक्या हसल्या! आता मला तांदूळबाई म्हणून चिडवू नकोस.

रोज दारातच विचारतात, राइस खाल्लास का. पहिल्या दिवशी मी नाही म्हटलं, कारण मेसमध्ये पोळीभाजी होती. त्यांनी लगेच ताट मांडलं. मग उमगलं, फान म्हणजे भात आणि फान म्हणजेच जेवण. बिचाऱ्या नुसतं जेवलीस का विचारत होत्या. 'मील' शब्द शिकवला, पण तो त्यांच्या जिभेवर टिकत नाही.

दुपारी ऊन गच्चीवर कलतं तेव्हा त्या डोळे मिटून गावाचं सांगतात. लावणीआधी शेतात पाणी भरतात आणि सगळं आभाळ त्यात उतरतं. लहानपणी त्या बांधावरून चालायच्या, तेव्हा पायाखालून ढग जायचे म्हणे. ऐकता ऐकता पुस्तक माझ्या मांडीवर तसंच राहतं.

दाजींचा राग उतरला का? विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात गेले एवढंच ना माझं? माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
चंपी

•

करमाड
९ डिसेंबर १९९३

॥ श्री बिरोबा प्रसन्न ॥
चि. चंपीस बानाअक्काचा डोक्यावरून हात.

इथं सारं खुशाल हाय. थंडी लई पडलीय. सकाळी धुक्यात मेंढरं दिसत न्हाईत, नुसत्या घंट्या ऐकू येत्यात.

तुझं पत्र दोनदा वाचलं. शेत, पोतं आन ताट, साऱ्याला एकच शब्द? त्या इंग्रजांनी साळ कधी लावलीच नसंल. तुझ्या लिनबाईचं ऐकलं आन मला सपान पडलं. आपली मेंढरं पाण्यातल्या आभाळातून चाललीत, पाय वाजत न्हाईत, आन मी मागं चाललीय. जागी झाले तरी बराच वेळ पाय गार वाटत होते.

तुझ्या दाजीचं काय सांगू? पेपरात मोर्चाचा फोटू आला, तो कुणीतरी त्यांना भर बाजारात दाखवला. तवापासून म्हणत्यात, दुसऱ्याच्या भांडणात आपल्या घरची पोरगी कशाला, तिनं हा उंबरा चढायचा न्हाई. मी भांडले. पर माणूस घोंगडं उचलून मेंढरांकडं गेला की काय करावं?

लिनबाईला जप. परक्या मुलखात पोटुशी बाई म्हंजे जिवाला घोर. मला लेकरू न्हाई, म्हणून का मला कळत न्हाई? अभ्यास कर, पोटभर जेव, आन मला इसरू नको.
तुझी अक्का

•

औरंगाबाद
१० जानेवारी १९९४

ती. अक्कास चंपीचा सा. न.

हे पत्र दूधवाल्या कडूबाच्या हाती देतेय, म्हणजे आजच पोचेल.

लिनबाई आजारी आहेत. अन्न पोटात ठरत नव्हतं. दवाखान्यात त्या एकट्याच गेल्या आणि सांगितलं, नो राइस. डॉक्टरांना वाटलं भात सोडलाय, तर म्हणाले, हरकत नाही, पोळी खा. त्यांना सांगायचं होतं की अन्नाचा कणही जात नाही. मी गेले तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ पांढरे. पुन्हा नेलं, नीट सांगितलं, सलाईन लावलं. डॉक्टर म्हणतात, जीव अशक्त आहे, बाळाला धोका आहे, एकटं ठेवू नका, शांत जागी न्या.

शांत जागा कुठून आणू? नामांतराचा निर्णय कधीही होईल, म्हणून चौकाचौकात पोलीस उभे आहेत. भोंगा वाजला की लिनबाई कानावर हात ठेवतात. लिनसाहेबांना कारखान्यातून निघता येत नाही.

बुधवारी सकाळी मी त्यांना करमाड फाट्यावर आणते. दाजींनी नको म्हटलं तर तू येऊ नकोस, मी त्यांना तसंच परत नेईन. मला घरात घ्या असं मी म्हणत नाही. त्यांना घ्या.
चंपी

•

करमाड
१५ जानेवारी १९९४

चि. चंपीस आशीर्वाद.

घाईत लिहितेय. पत्र कोण घेऊन आलंय ते बघ.

तुझं पत्र मी ह्यांना मेंढवाड्यात वाचून दाखवलं व्हतं. ते मेंढरं मोजत ऱ्हायले. बुधवारी मात्र आपणच गाडी जुंपली, म्हणले, पोटुशी बाईला फाट्यावरनं चालवत आणायचं का? तिथं तिला माझ्या हाती देऊन तू रस्त्यापल्याड उभी राहिलीस, त्यांनी बघितलं न्हाई, तू बी आली न्हाईस. मला दोघांचा राग आला.

लिनबाई दोन दिस नुसती झोपली. उन्हात घोंगडं टाकलं, भोवती मेंढरं, आन ती मधी. झोपेत तिच्या बोलीत काहीबाही बोलायची, मला ते पाण्यावानी वाटायचं. मी ज्वारीच्या कण्या पातळ शिजवल्या, वर ताक. ती वाटीकडं बघत ऱ्हायली, मग फान म्हणली, आन सारी वाटी संपवली. ठरलं बी. ह्यांनी इचारलं, काय म्हणती? मी म्हणलं, जेवण म्हणती. तर उठून आणखी ताक घेऊन आले.

काल संक्रांतीच्या सांजेला रेडिओवर विद्यापीठाच्या नावाचं सांगितलं. ह्यांनी ऐकलं आन बंद केला.

आज सकाळपासनं लिनबाई पोट धरून एकच शब्द बोलतीय. रडती बी, हसती बी, माझा हात वढून पोटावर ठेवती. मला तर काही लागत न्हाई हाताला. दुखतंय का काय? मला कसं कळावं, तुला ठाऊकच हाय. हे म्हणले, चंपीलाच आणतो. आन निघायला उभे बी ऱ्हायले.

लौकर ये.
अक्का

•

औरंगाबाद
२ फेब्रुवारी १९९४

ती. अक्कास,
चंपीचा सा. न., आणि दाजींनाही.

लिनबाई आता चांगल्या जेवतात. बाळ पोटात पहिल्यांदा हललं, एवढंच त्या दिवसभर सांगत होत्या. मी ते सांगितल्यावर तू चुलीपाशी जाऊन बसलीस, आणि संध्याकाळी तुझ्याही हाताला ते लागलं, तेव्हाचा तुझा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. लिनसाहेब म्हणतात, डोंगर नाही, पाणी नाही, तरी बायकोला ते माळरान स्वप्नात दिसतं.

पण तुला एक सांगायचं राहिलं. दाजींदेखत बोलवेना.

त्या दिवशी ते मला शोधत विद्यापीठाच्या फाटकाशी आले. तिथं निळे झेंडे, गुलाल, ढोल, माणसांचा पूर. मी त्यांना लांबून पाहिलं आणि गर्दीतून वाट काढत जवळ गेले. पागोटं घातलेले दाजी त्या गर्दीत अवघडून उभे होते. एक म्हातारी, पांढरं लुगडं, येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होती. त्यांच्याही हातावर ठेवला. दाजी म्हणाले, बाई, मी तुमच्यातला न्हाई. ती म्हणाली, असू दे, माझा लेक ह्या नावापायी गेला, आज कुणाला परत पाठवायचं न्हाई असं ठरवून आलेय.

दाजींनी पागोटं काढलं आणि तिच्यापुढं वाकले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, चल घरी. पेढा त्यांनी रुमालाच्या टोकात बांधून ठेवला होता.

घरी आल्यावर तो त्यांनी तुझ्या हातावर ठेवला. तू विचारलंस, बारसं कुणाकडं होतं? ते म्हणाले, व्हतं एकाकडं, लई वर्षं अडलं व्हतं.

तो पेढा तिथला होता, अक्का.

लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी,
चंपी