कै. आजीचं मत

दि. ३

मी मेले, आणि घरातल्या कुणी मला सांगितलंसुद्धा नाही! शाळेच्या भिंतीवर मतदारयादी चिकटवलीय. अक्षर बारीक, म्हणून गल्लीतल्या शिंप्यानं वाचून दाखवली. माझ्या नावावर लाल रेघ, पुढं ‘मयत’. शिंपीही मयत, स्वतःचं नाव त्यानं दोनदा वाचलं. पाणी येत नाही म्हणून मंत्र्याच्या गाडीपुढं रिकाम्या बादल्या मांडणारे आम्ही त्रेचाळीस जण, त्यातला एकही जगला नाही. बाकी गाव ठणठणीत.

चि. नातीस अ. आ., मेलेल्या बाईचे चालत असतील तर. तू यादीच्या कचेरीत चिकटलीस तेव्हा मीच गल्लीभर सांगत सुटले होते. आता पानाखाली ‘तपासले’ आणि सही. शेवटच्या अक्षराला उंदरासारखी लांब शेपटी. त्या शेपटीपायी तू लहानपणी माझा मार खाल्लायस. मतदान चौदाला आहे. त्याआधी मला जिवंत कर.

तुझी अजून असलेली
आजी

दि. ६

ती. आजीस सा. न.

सही माझीच. कचेरी बंद होताना साहेबांनी पानं पुढं सरकवली, वेळ नाही म्हणाले. मी नावांवरून नजर फिरवली गं, पण आईची आई म्हणून तू मला कायम ‘आजी’च. तुझं कागदावरचं नाव मला ठाऊकच नव्हतं. काल आईला विचारलं आणि पान पुन्हा काढलं. बाविसावी तू.

साहेबांना सांगितलं तर दार लावून म्हणाले की चूक निवडणुकीनंतर दुरुस्त होईल, आणि मला नोकरीत कायम करायचा कागदही त्यांच्याच टेबलावर आहे. फोन करू नकोस, इथं ऐकतात.

सोबत एक कागद आहे. ‘यादी न तपासता सही केली’ असं लिहून खाली सही केलीय. पुढं करायचा की फाडायचा, तू ठरव.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझी नात

दि. ९

चि. नातीस अ. आ.

आजीचं नाव विचारायला तुला सत्तावीस वर्षं लागली. असू दे, मलाही ते दवाखान्यात पुकारलं तरच आठवतं.

कागद फाडला नाही. तुझी नोकरी जाईल, मला कळतं. उगाच समजूत घालत नाही. शिंप्याकडं दुसरं मशीन रिकामं आहे, आणि तुझी शिवण सहीपेक्षा सरळ आहे.

कागद सगळ्या मयतांना वाचून दाखवला. मग दूधवाला म्हणाला, पोरीची सही झाकून नेऊ. मी म्हटलं, सही झाकली तर उरलं काय? बाराला आम्ही सगळे मयत पहिल्या गाडीनं येतोय. तुझ्या खिडकीपुढं मी पहिली असेन. तेव्हा आजी म्हणू नकोस. कागदावरचं नाव घे, मोठ्यानं.

लोभ ठेव, आणि मान वर ठेव.

तुझी आजी

ता. क. हे पत्र साहेबाच्या टेबलावर ठेव. याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. त्यानंच लिहायचं, मायन्यात मला ती. म्हणायचं की कै., ते ठरवायचं, आणि खाली स्वतःची सही करायची.