खंडेनवमीला अडकलेले दाजी

चि. संदीप यास,

बुऱ्हाणपूरहून उषाताईचे भरभरून आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, म्हणजे जिवंत आहोत. तुझी केळी कशी आहे, छायाची कंबर कशी आहे, सगळं सविस्तर कळव. (फोनवर बोलता आलं असतं, पण मी फोन लावला की सासूबाई जिथे असतील तिथून उठून शेजारी येऊन बसतात.)

वास्तुशांतीला तू साडी न आणता हत्यारांची पेटी आणलीस, तेव्हा मला किती बरं वाटलं होतं! आपल्या आप्पांचा फोटो नव्या घरात लावायला एक खिळा ठोकायचा, एवढंच माझं मागणं. पण तुझ्या दाजींनी ती हातोडी, पक्कड, पेचकस, पाने बघितले आणि त्यांना जणू सोनंच सापडलं. रोज संध्याकाळी पेटी उघडायची, एकेक वस्तू फडक्याने पुसायची, तेलाचा हात फिरवायचा, परत ठेवायची. पक्कडीवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. खिळ्याचं नाव काढलं की म्हणतात, भिंत अजून कच्ची आहे. (मग कच्ची भिंत विकत घेतली कशाला, हे विचारायची सोय नाही.) आणि आप्पा फ्रिजवर, सासूबाईंच्या औषधांच्या बाटल्यांमागे उभे. येता-जाता मला फार वाईट वाटायचं रे.

तर परवा खंडेनवमी. सासूबाईंनी पेटी रिकामी करून सगळी हत्यारं पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि दसरा उजाडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणून बजावलं. विळी, सुरी, सांडशीही त्याच पाटावर. (म्हणून जेवायला नुसती खिचडी.) पूजा आटोपून दाजी बाथरूममध्ये गेले आणि कडी अडकली. आतून हिसके, बाहेरून धक्के, दार ढिम्म हलेना. मी पेचकस उचलायला वाकले, तर सासूबाई पाटासमोर ठाण मांडून बसल्या. पोटचा पोरगा आत कोंडलाय आणि ही बाई मला म्हणते, "पूजेतलं उचलशील तर वर्षभर घरात मोडतोड होईल!" शेजारच्या प्रतिभाकडे धावले, तर तिचीही हत्यारं पूजेत. मग गल्लीतल्या दगा मिस्त्रीला बोलावलं. आला लगेच, दारावर टकटक केली, दाजींची विचारपूस केली आणि चहाला बसला. म्हणाला, "भाभी, आज औजाराले हात नाही लावत आम्ही. कल सुबे पहले तुमचंच काम."

आतून दाजींची बोंबाबोंब, बाहेर मिस्त्री बशीत चहा ओततोय, आणि सासूबाई दाराला तोंड लावून विचारतायत, खिचडीवर तूप किती वाढू? (शेवटी बाथरूमच्या खिडकीच्या जाळीतून केळं दिलं.) माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू! या घरात एवढी हत्यारं, आणि माणूस बाहेर काढायला एक कामाचं नाही.

उन्हं उतरल्यावर दार एकदाचं उघडलं. देवीची कृपा, असं सासूबाई म्हणतात. दसऱ्याच्या सकाळी दाजींनी स्वतः हातोडी उचलली आणि आप्पांचा फोटो बैठकीत लागला. जरा डावीकडे कलला आहे, अंगठाही सुजला आहे (दाजींचा), पण आप्पा छान दिसतात. बघून मी रडले.

तुझी,
उषाताई

ता. क. भाऊबीजेला नक्की ये. छायालाही आण.

आणखी एक ता. क. देवीची कृपा वगैरे काही नाही. ते दार मूठ धरून जरा वर उचललं की कडी सुटते, मी रोज तशीच उघडते. त्या गडबडीत आधी आठवलं नाही, दगाचा चहा गाळताना आठवलं. पण तेवढ्यात तुझ्या दाजींनी जाळीतून खिळा कबूल केला. मी गप्प राहिले, तर स्वयंपाकघरातली फळी कबूल केली. मग गळका नळ. माणूस आपणहून इतकं कबूल करतोय म्हटल्यावर मी कशाला घाई करू? फळी आणि नळ अजून बाकी आहेत. तू आलास की ते तुला कडी दुरुस्त करायला सांगतील. नीट बघ, मान हलव, असली कडी आता बाजारात मिळत नाही म्हण, आणि खबरदार तिला हात लावलास तर.