कार्पेटखालचे तांदूळ

सोमवार, ४ डिसेंबर

लातूरला आलो एकदाचे. देवणीहून येताना ऋतुजाने एसटीत दोनदा उलटी केली आणि उतरल्याबरोबर भजी मागितली, म्हणजे पोरगी ठणठणीत आहे. वय सात, तोंड सत्तर वर्षांच्या म्हातारीचं. खोली लहान, पण ऊन भरपूर येतं. शेजारी शरणम्मा आहेत, निलंग्याकडच्या. आल्या आल्या भाकरी-पिठलं आणून ठेवलं आणि माझं माहेर, सासर, दयानंद हैदराबादला काय करतो, सगळं काढून घेतलं. म्हणाल्या, नवरा लांब असला की बाई सुखात ऱ्हाती. मला त्या आवडल्या.

बुधवार, ६ डिसेंबर

काम नांदेड रोडवर, गाड्या धुण्याच्या सेंटरवर. बाहेरून पाणी मारायला पुरुष, आतलं सगळं माझ्याकडे. मालक आप्पासाहेबांना वाटलं होतं, हिला काय जमणार. मग त्यांच्यासमोरच एका कारचं कार्पेट करून दाखवलं. आधी मॅट बाहेर, मग कोरडं व्हॅक्यूम, मग शाम्पूचा नुसता फेस, पाणी नाही. ब्रश एकाच दिशेने. फेस ओढून घ्यायचा आणि चारी दारं उघडून गाडी उन्हात सोडायची. ओल राहिली की कुबट वास धरतो, मग कितीही अत्तर मारा. आप्पासाहेब म्हणाले, लई दिवसांनी कुणी मन लावून काम करायलंय. मी आतून फुगले, वरून फडकं पिळत राहिले.

शनिवार, ९ डिसेंबर

बसलिंगप्पाची पांढरी जीप आली. दर शनिवारी धुवायला येते म्हणे. मागचं कार्पेट उचललं तर खाली हिरव्या खणात बांधलेली गाठ. तांदूळ, हळकुंड, सुपारी, खोबऱ्याची वाटी. लग्नसराई चालू आहे, कुणा नवरीची ओटी घाईत राहिली असणार. बसलिंगप्पा चहाला गेला होता. आप्पासाहेब म्हणाले, टाक कचऱ्यात. ओटी कचऱ्यात? या पुरुषांना कधी काही कळणार नाही. ओटीचे तांदूळ शिजवून खायचे असतात, टाकायचे नसतात, हे आमच्या देवणीची शेंबडी पोरगी सांगेल. घरी आणले, निवडले, निम्म्याची गूळ घालून खीर केली. मला शनिवारचा उपवास. ऋतुजाने एकटीने पातेलं चाटूनपुसून साफ केलं.

सोमवार, ११ डिसेंबर

ऋतुजा जेवत नाही. भाकरीचा घास तोंडात धरते आणि काढून ठेवते. म्हणते, माती लागते. वरण माती, दूध माती, भजीसुद्धा माती. मी लाड समजून एक धपाटा घातला. संध्याकाळी सहज म्हणून खणातले उरलेले तांदूळ शिजवले, तर ताट पुसून खाल्लं. धपाट्याचं आता वाईट वाटतंय.

बुधवार, १३ डिसेंबर

डॉक्टरांनी तपासलं. रक्त चांगलं, पोट चांगलं. सलाईन लावून घरी पाठवलं. खणातले तांदूळ काल संपले. दुकानातून तसेच बारीक तांदूळ शोधून आणले, हळद चोळून शिजवले. थुंकून टाकले. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागलाय.

शनिवार, १६ डिसेंबर

जीप आली तशी मी हातातली गाडी सोडून धावले. गाठ नव्हती. पण सीटच्या खाली, कार्पेटच्या कडेला दाणे सांडलेले, हळद लागलेले. व्हॅक्यूम बाजूला ठेवून बोटांनी वेचले. दोन मुठी निघाले. बसलिंगप्पा बघत होता. कुठल्या लग्नाचे म्हणून विचारलं तर त्याने मान खाली घातली. म्हणाला, लग्नाचं वऱ्हाड माझ्या गाडीत कोण बसवतंय, बाई? दवाखान्यातून मयत गावाकडं न्यायचं काम हाय माझं. सवाष्ण गेली असली की घरचे गाडीतच तिची ओटी भरतात. थोडं सांडतंय. मागची गाठ किल्लारीकडच्या एका बाईची असंल.

मी घरी आले आणि ते शिजवले. कळून शिजवले. ऋतुजा जेवली, हसली, बाहुलीची वेणी घातली. मी दुसरं काय करायला पाहिजे होतं?

रविवार, १७ डिसेंबर

शरणम्मांना सांगितलं. त्यांनी ऋतुजाचं मनगट हातात घेऊन बघितलं. मग म्हणाल्या, ते जाणारीचं अन्न हाय, उज्ज्वला. एकदा गोड लागलं की मग हितलं लागत न्हाई. उपाय विचारला. त्यांना माहीत नाही. तरी त्यांनी पाटावर बसवून माझी ओटी भरली. ते तांदूळ शिजवून ऋतुजाला दिले. माती, म्हणाली.

बुधवार, २० डिसेंबर

ती उठून बसत नाही. सलाईनने हात सुजलाय. कामावर दिवसभर रस्त्याकडे बघत होते. कशाची वाट बघते मी? कुणाची तरी बायको, कुणाची तरी आई मरावी, याची. आज देवासमोर बसून हेच मागितलं. माझी मलाच किळस आली.

शनिवार, २३ डिसेंबर

जीप आली. एक दाणा नाही. भोकरला म्हातारा पोचवला म्हणे. कार्पेट पत्र्यापर्यंत उचकटलं, बोल्ट काढले, सीट काढल्या — काही नाही. आप्पासाहेब ओरडत होते. सगळं परत बसवलं, उन्हात वाळवलं. ऋतुजाने आज पाणीही —

रविवार, २४ डिसेंबर

दयानंद निघालाय. सुखरूप येवो. तो आहे तोवर मी सवाष्ण. मी आज मेले तर — हे माझ्या डोक्यात कुठून आलं —

सोमवार, २५ डिसेंबर

दुपार. बसलिंगप्पाला बोलावलं, ऋतुजाला दवाखान्यात न्यायला. तिला मांडीवर घेऊन मागे कार्पेटवरच बसलेय. वही गुडघ्यावर. कार्पेट ओलं आहे. मी स्वतः वाळवलं होतं. ओल साडीतून वर चढतेय, पाय कळेनासे —

जीप हलत नाही. शरणम्मा आल्या. आणखी बायका. रडताहेत. मला वाटलं ऋतुजासाठी. पण कुंकू माझ्या कपाळाला — हिरव्या बांगड्या माझ्या हातात — अहो, मी बसलेय, लेकराकडे बघा, म्हणते. कुणी ऐकत नाही. दयानंद दाराशी उभा आहे. कधी आला —

पदरात तांदूळ पडताहेत. खूप.

ऋतुजा उठली. आपली आपण उठून बसली. कच्चेच खातेय, मुठी भरभरून. खा गं माझ्या सोन्या. सगळे तुझेच आहेत. पण हे संपल्यावर तुला कोण —